बेदाण्याच्या शेडमधली झोप

तेजा दोन दिवसांच्या रजेवर आली
आणि पहिली रात्र तिनं गच्चीवर बसून काढली.
म्हटलं, झोपत का नाहीस?
म्हणाली, ह्या वेळेला मी जागीच असते.
रजा मिळाल्याचं अंगाला अजून कुणी कळवलेलं नाही.

सावळजवरून विमानं जातात
हे मला चाळीस वर्षांत कधी नीट दिसलं नव्हतं.
आम्ही वर बघतो ते ढगासाठी;
रॅकवर माल असताना चार थेंब पडले
तरी बेदाणा काळा पडतो, वर्ष जातं.

तिनं बोट केलं :
हे बेंगळुरूचं, मुंबईला निघालंय.
मागचा दिवा त्याच्याहून हजार फूट खाली.
पुढचं आता डावीकडे वळेल बघ.

वळलं नाही.
ती उठून उभी राहिली, कठड्याला पोट टेकवून.
मग वळलं.
ती बसली, पण अंगठा तसाच दाबलेला,
हातात नसलेल्या बटणावर.

मग बोलायला लागली, मी न विचारता.
आठ जणांचं काम पाच जण करतात.
एक बाळंतपणाला गेलीय, एकाला बीपी,
तिसऱ्याची जागा भरायची जाहिरात निघणार आहे, दोन वर्षं झाली निघणार आहे.
दोन तास पडद्यासमोर, मग अर्धा तास उठायचं, असा नियम.
उठायचं तर खुर्चीत कोण?
मग दोन सेक्टर जोडून एकाला देतात.

म्हणजे शालनमावशीला दोन चाळण्यांवर बसवल्यागत?
ती हसली. मी म्हटलं,
मावशीच्या हातून देठ राहिला
तर व्यापारी किलोमागं पाच रुपये तोडतो.
तुझ्या हातून राहिला तर?
हे विचारायला नको होतं.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
परवा एका विमानाला मी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली.
पायलटनंच विचारलं, मॅडम, मला म्हणताय का?
एवढंच. कुठं लिहिलं गेलं नाही.
आई नाही का, तुझ्या नावानं मला हाक मारायची,
दिवसातनं दहादा,
आणि आपण दोघंही ओ द्यायचो.
काही बिघडायचं नाही.

त्याहून वाईट काय सांगू, ती म्हणाली,
एखाद्यानं उत्तरच न देणं.
कानात सगळं गप्प होतं ना, तेव्हा.

दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर घरात नाही.
शेडमध्ये सापडली, तिसऱ्या रॅकखाली,
रिकाम्या पोत्यावर, कुशीवर,
केसांत दोन बेदाणे, तोंड किंचित उघडं.
जाळीतनं हिरवट उजेड, गंधकाचा वास,
आणि शेजारी देठ काढायचं मशीन
घडघडत होतं, माणसाला माणूस ऐकू येत नव्हतं.

क्रेटवर तिचा फोन उजळला. पटनाईक, रोस्टर.
शालनमावशी खुणेनंच म्हणाली, उठवू नगं.
बंद झाला. परत उजळला.
मला माहीत होतं, ही गेली नाही
तर तो कुणाला तरी चौदाव्या तासाला बसवेल,
कदाचित स्वतःलाच.
त्या कुणालाही गच्ची असेल, भाऊ असेल.

बाहेर जाऊन उचलला.
म्हटलं, भाऊ बोलतोय. झोपलीय ती.
पलीकडे काही नाही.
फक्त लांबून कुणीतरी आकडे म्हणत होतं,
एकसुरी, शाळेत पाढे म्हणतात तसं.
मग तो म्हणाला, झोपू दे.
मैं चार बजे करता हूँ.
त्याचाही आवाज पोत्यावर पडल्यागत होता.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आत आलो तर मावशीनं
मशीनच्या बटणाकडे हात नेलेला, पोरीला त्रास नको म्हणून.
मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.
चालू राहू दे मावशी.
थांबलं की उठंल ती.